पहिल्या आदणाची गोळी

"तुमच्या हाताला सोसंल एवढीच ऊन ठेवलिया, वयनी. घ्या."

असं म्हणून ते मूठ उघडायचे आणि गुळाची बोराएवढी गोळी माझ्या तळहातावर ठेवायचे. त्याआधी बराच वेळ ती त्यांच्या स्वतःच्या मुठीत असायची. मूठ मिटून, डोळे अर्धवट झाकून ते उभे राहायचे. मध्येच कुणी बोललं तर दुसऱ्या हातानं 'थांब' अशी खूण करायचे. गोळी निवायला हवी, पण सगळी आच जायला नको, हे ते त्या मुठीनं बघत असायचे.

आमच्या गुऱ्हाळाची ही रीत आहे. दिवाळी झाली की हंगाम लागतो. पहिल्या दिवशी उसाचा रस भल्यामोठ्या लोखंडी काहिलीत पडतो, खाली चुलवाण पेटतं, वर आलेली मळी काढून काढून रस आटतो आणि दुपार कलताना पहिलं आदण तयार होतं. त्या आदणातला थोडा पाक गुळव्यानं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिरानं, पाण्यात सोडायचा, बोटांनी वळायचा आणि ती पहिली गोळी घरच्या बाईच्या हातावर ठेवायची. बाईनं उभ्या उभ्या ती तोंडात टाकून मोठ्यानं 'गोड हाय' म्हणायचं. मग 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' असा गजर होतो आणि काहील उतरते. सासूबाई होत्या तोवर हा मान त्यांचा होता, त्या गेल्यावर माझ्याकडं आला. गोळीनं जीभ भाजता कामा नये आणि ती थंडगार दगड झालेलीही नको. म्हणून ती मूठ.

ते आमच्याकडचे गुळवे. नाव सांगत नाही. ते आता जिथं राहतात तिथल्या लोकांच्याही जिभेला हाड नसणार, आणि एकदा झालं तेवढं पुरे झालं.

शाहूवाडीकडच्या डोंगरातले ते. घरचं भात कापून झालं की बायकोला घेऊन खाली आमच्याकडं यायचे आणि गुढीपाडव्यापर्यंत गुऱ्हाळाशेजारच्या खोपीत राहायचे. बायकोला मी आक्का म्हणते. ते मला वयनी म्हणायचे, मी त्यांना भावजी. आमचे मालक शेत आणि मार्केट यार्ड सांभाळतात, गुऱ्हाळ माझ्याकडं. त्यामुळं दिवसभर भांडायला आम्ही दोघंच असायचो. आणि भांडायचो म्हणजे कसं, पलीकडच्या रस्त्यावरच्या माणसानं गाडी थांबवून बघावं असं. चुलवाणात घालायचं चिपाड ओलं आहे, रस गाळला नीट नाही, मळी वर आणायला घालतात ते भेंडीचं पाणी कमी पडलं, कारण काहीही चालायचं. भांडण संपलं की ते स्वतःच आक्काला हाक मारायचे, "वयनीस्नी च्या दे गं, घसा सुकला आसंल त्यांचा."

नम्र वगैरे माणूस मुळीच नव्हता तो. गिऱ्हाईक आलं आणि 'कसा आहे गूळ?' म्हणालं की यांची गाडी सुटायची. "खाऊन बगा की पावणं! मी सांगिटलं तर म्हणशीला बढाया मारतोय. पर हाय ते हाय. पन्हाळ्यापासनं कागलापातूर असा गूळ दावा, मिशी उतरवतो."

मिशी त्यांना नव्हतीच. मी म्हणायचे, "अवो भावजी, आदी उगवू तर द्या."

मग ते हसायचे. हसताना दोन्ही हात मानेमागं नेऊन डोकं गच्च धरायचे, कुणी मागून टोला मारणार असल्यासारखे. "हसवू नगा वयनी, मागनं कळ येती." खोकला आला तरी तेच, शिंक आली तरी तेच. मान मुळातच आखूड होती. डोकं जवळजवळ खांद्यावरच ठेवलेलं. आमचे मालक त्यांना चिडवायचे, "गुळवं, देवाकडं तुमची मान करताना माती संपली जणू." त्यावर यांचं उत्तर तयार, "म्हणूनच कुणाफुडं वाकत न्हाय मालक." शिंक आली की डोकं धरायची त्यांची ती नक्कल गुऱ्हाळावरच्या सगळ्यांना यायची. मीसुद्धा करून दाखवायचे. लकब असते एकेकाची, एवढंच आम्हाला वाटायचं.

मग एका वर्षी त्यांनी नेहमीप्रमाणं मूठ धरली, नेहमीचं वाक्य म्हटलं आणि गोळी माझ्या हातावर ठेवली. मी केवढ्यानं तरी ओरडले. हात झटकला आणि पहिल्या आदणाची गोळी मातीत पडली. ऊस सोलायला आलेल्या बायकांनी वळून बघितलं. ते माझ्याकडं बघतच राहिले.

"चेष्टा करताय व्हय वयनी? गार हाय की."

खाली वाकून त्यांनी गोळी उचलली, पाण्यात धुतली आणि पुन्हा मुठीत धरली. "गार हाय," ते म्हणाले. या वेळी खरंच गार असणार, पाण्यातून काढलेली. मी ती खाल्ली, 'गोड हाय' म्हटलं आणि काहील उतरली. माझ्या तळहातावर मात्र टपोरा फोड आला. त्याचा पांढुरका डाग अजून आहे, कुणालाही दाखवीन.

आपल्याकडं एक आहे बघा. माणसाला कळायला पाहिजे ते कळेनासं झालं की आपण त्याला आजारी म्हणत नाही, पोचलेला म्हणतो. गुऱ्हाळावर तर त्यासाठी शब्दच आहे. गुळव्या पाकात बोट घालतो तेव्हा आधी ते पाण्यात भिजवून घेतो, झटक्यात घालतो, झटक्यात काढतो आणि परत पाण्यात बुडवतो. कितीही मुरलेला असला तरी चटका चुकत नाही. पण एखाद्याला तो चटका जाणवेनासा झाला, की जुनी माणसं म्हणतात, याचा हात शिजला. हात शिजलेला गुळव्या म्हणजे कसबाची शेवटची पायरी. आजूबाजूच्या गुऱ्हाळांवर बातमी पोचायला वेळ लागला नाही. भोगावतीकाठच्या गुऱ्हाळांवरची दोन म्हातारी माणसं मुद्दाम बघायला आली. भावजींनी कोरडं बोट पाकात घातलं, सावकाश बाहेर काढलं, त्यांच्यासमोर धरलं.

"गार हाय की!"

म्हाताऱ्यांनी त्या हाताला हात लावून नमस्कार केला. बोटावर फोड आले की ते कातडं सोलून टाकायचे आणि कोरफड लावायचे. "चामडं निबार झालंय," म्हणायचे. आक्का तेवढी पुटपुटायची, "निबार चामड्याला फोड येत्यात व्हय?" पण तिचं कोण ऐकतंय.

त्यात गमतीही व्हायच्या, नाही असं नाही. चहाचं पातेलं ते फडक्याशिवाय उतरवायचे. उकळता चहा स्टीलच्या ग्लासात ओतायचे आणि तो ग्लास बुडाला धरून पाहुण्याच्या हातात द्यायचे. पाहुणा बिचारा मानानं घ्यायचा आणि पुढच्या क्षणी चहा अंगावर. एकदा आमच्या मालकांचा व्यापारी मित्र पांढऱ्याशुभ्र कपड्यात आला होता. तो धोतर धरून नाचत होता आणि हे डोकं गच्च धरून हसत होते. "काय वो पावणं, एवढ्यात? बाईमाणसाचा हात हाय का काय?"

हल्ली शहरातली माणसं गाड्या काढून गुऱ्हाळं बघायला येतात. ताजी काकवी पितात, गरम गूळ केळीच्या पानावर घेतात, फोटो काढतात. अशाच एका टोळक्यानं भावजींचा व्हिडिओ काढला. पाकात हात, चेहऱ्यावर हसू आणि 'गार हाय की पावणं!' मागं पोरं ओरडतायत, 'नाद खुळा मामा!' तो व्हिडिओ लाखभर लोकांनी बघितला म्हणे. आक्काच्या माहेरच्यांनी बघितला, माझ्या लेकीनं पुण्यात बघितला. त्या महिन्यात यांचे पाय जमिनीवर नव्हते.

पुढच्या हंगामाला आले तेव्हा शर्टाची बटणं आक्का लावत होती.

मी चिडवलं, "काय भावजी, नव्या नवरीगत नटवून घ्यायलाय?" ते हसले, पण डोकं धरायला हात मागं गेले नाहीत, अर्ध्यातच थांबले. मी नीट बघितलं. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी जो मांसाचा उंचवटा असतो तो गेला होता. तिथं खड्डा. शेवटची दोन बोटं आत वळली होती. त्या वर्षीची पहिली गोळी त्यांनी मला दिली ती मुठीत न धरताच, पाण्यातून काढली तशी. "घ्या," एवढंच म्हणाले.

आणि मग एक आदण बिघडलं. त्यांनी गोळी बघितली, 'झालं, उतरा' म्हणाले, काहील उतरली, पाक निवायच्या उथळ वाफ्यात पडला. दुपारपर्यंत घट्ट व्हायला हवा होता तो संध्याकाळीही चिखलासारखा. गुळव्याच्या आयुष्यात एखादं आदण बिघडतंच. पण आठवड्यात दुसरं बिघडलं. त्यांनी उसावर खापर फोडलं. "पुरात हुबा हुता ह्यो ऊस, पाणी प्यालाय. गूळ कसा व्हईल?"

आमचे मालक शांत माणूस. ते म्हणाले, "गुळवं, ह्यो ऊस माळावरचा हाय. पुराचं पाणी तिथं कवा चडलंय?"

सगळी माणसं गेल्यावर भावजी वाफ्याच्या कडेला बसून न धरलेल्या गुळात बोट खुपसत राहिले. मी जवळ गेले तर वर न बघता म्हणाले, "वयनी, बोटं माजं ऐकंनात. गोळी वळतोय असं मला वाटतंय, आन् ती वळतच न्हाय."

इतकी वर्षं भांडले या माणसाशी, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता.

त्याच महिन्यात ते भाजले. चुलवाणाची भिंत तापून लाल होते, तिच्यापासून सगळे हातभर लांब उभे राहतात. भावजी तिच्याशी टेकून माझ्याशी बोलत होते. काय बोलत होते तेही आठवतं, त्यांच्या गावच्या आंब्याबद्दल. मला वास आला. चिपाडाचा वास मला माहीत आहे, मळीचा माहीत आहे. हा तो नव्हता. मी खाली बघितलं तर यांचं कोपर भिंतीला चिकटलेलं, बाही जळालेली, आणि हे अजून आंब्याबद्दलच सांगतायत. मी हात धरून ओढलं. कातडं भिंतीला राहिलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. कोपर बघितलं. आणि मग त्यांचं तोंड पांढरं पडलं. दुखत होतं म्हणून नव्हे, दुखत नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून कुजबुज सुरू झाली. कालपर्यंत ज्यांनी त्या हाताला नमस्कार केले त्यांचीच. "बोटं वाकडी झाल्यात. भाजल्यालं कळत न्हाय. आता आनी काय पायजे?" रोगाचं नाव कुणी घेत नव्हतं, पण सगळ्यांना तेच म्हणायचं होतं. सोलणाऱ्या बायकांनी आपली पाण्याची घागर वेगळी केली. कुणीतरी म्हणालं, असल्या हाताचा गूळ खाणार कोण.

बायकांचं मी बघून घेतलं असतं. पण एक दिवस जेवणाच्या वेळी बघते तर भावजी चिपाडाच्या ढिगाआड एकटेच बसलेले. पुढ्यात जर्मनची जुनी ताटली, पाण्याला वेगळा तांब्या. आक्का लांबून भाकरी टाकत होती. टाकत होती, वाढत नव्हती. तिच्या डोळ्यांना धार लागलेली.

"त्येंनीच सांगिटलंय," ती म्हणाली. "म्हणत्यात, मला शिवू नगंस."

खोटं कशाला बोलू, माझं डोकं फिरलं. मी जाऊन ती ताटली उचलली आणि भिरकावून दिली उसाच्या फडात. त्यांच्या तांब्यातलं पाणी सगळ्या बायकांसमोर घटाघटा प्यायले. "बगा गं, नीट बगा! मला काय झालं तर सांगा. आन् तुमी वो भावजी? डाक्टर झालाय व्हय तुमी? घरात बसून रोग ठरवताय? उठा. उद्या कोल्लापूर."

"वयनी, लोक काय—"

"लोकांच्या नावानं आंघोळ करा. उठा म्हणते न्हवं!"

कोल्हापुरातल्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीण होती, माझ्या लेकीच्या वयाची. मी तिला वेगळ्या ताटलीपासून सगळं सांगितलं. तिनं भावजींना डोळे मिटायला सांगितलं. कापसाचा बोळा हातावर फिरवला. "कळतंय का काका?" कळत होतं. कुठं फिरतोय तेही बरोबर सांगितलं. मग टाचणी टोचली. "टोचतंय?" "काय तरी लागतंय, टोचत न्हाय." मग तिनं काचेच्या दोन नळ्या आणल्या. एकीत नळाचं पाणी होतं, दुसरीत गरम. गरम नळीच्या काचेवर वाफ धरलेली मला दिसत होती. पहिली लावली.

"गार हाय," हे म्हणाले.

दुसरी लावली. यांच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं, पाकात हात घालतानाचं. "ही बी गार हाय की!"

त्यांनी डोळे उघडले आणि डॉक्टरणीकडं न बघता माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. त्यांचं हसू हळूहळू गेलं.

डॉक्टरीण म्हणाली, "काका, तुम्हाला ज्याची भीती वाटते तो रोग हा नाही. त्यात स्पर्शही जातो, तुमचा शाबूत आहे. आणि तो असता तरी औषधानं बरा झाला असता, ताट वेगळं करायची गरज नव्हती." आक्कानं तिथंच तोंडाला पदर लावला. मग डॉक्टरणीनं विचारलं, "हसताना, खोकताना मानेमागं कळ येते का?" आक्का चटकन 'व्हय' म्हणाली. इतकी वर्षं ज्याची नक्कल करत होतो ते हे होतं.

यंत्रात घालून मानेचा फोटो काढला. दोन दिवसांनी डॉक्टरणीनं तो उजेडासमोर धरून समजावलं. कवटीच्या बुडाशी एक भोक असतं, तिथून पाठीचा कणा सुरू होतो, आणि कण्याच्या आतून मज्जेची दोरी जाते. यांची तिथली रचना जन्मापासूनच आखूड. मेंदूचा खालचा टोकाचा भाग त्या भोकात उतरलेला. त्यामुळं आतलं पाणी वाहायला वाट नाही. ते पाणी वर्षानुवर्षं त्या दोरीच्या गाभ्यात शिरत गेलं आणि आत पोकळी पडली. ऊन-गार आणि दुखणं सांगणाऱ्या शिरा नेमक्या गाभ्याजवळून जातात, त्या आधी गेल्या. आता हाताची ताकद जायला लागली आहे. पुढं पाय.

ते लक्ष देऊन ऐकत होते. "म्हंजे उसाला दशी पडती तसं? वरनं कांडं चांगलं दिसतंय, आन् आत भेंड?"

"तसंच म्हणा काका."

"आन् ह्ये जल्मापासनं?"

"रचना जन्मापासून. त्रास मोठेपणी सुरू होतो कधीकधी."

त्यांनी वाकडं बोट त्या फोटोतल्या पोकळीवरून फिरवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हंजे वयनी, माजा हात शिजल्याला न्हवताच तर."

 

ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टरणीनं अगदी स्पष्ट सांगितलं होतं, मानेमागची हाडाची अडचण काढली की पाण्याला वाट मिळेल, पोकळी वाढायची थांबेल, पाय वाचतील. गेलं आहे ते बहुतेक परत येणार नाही. 'बहुतेक' हा शब्द ती बोलली आणि तेवढाच यांनी उचलला. बाहेर आल्यावर आक्काला म्हणाले, "हळूहळू येतंय म्हणती बाई. घाईचं काम न्हवं." मी ते दुरुस्त केलं नाही. ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाच्या हातून तेवढंही कशाला काढून घ्यायचं?

ऑपरेशन नीट झालं. मानेमागं टाक्यांची उभी रेघ आली. हसताना कळ यायची थांबली. दवाखान्यात मी काहीतरी वेडंवाकडं बोलून मुद्दाम हसवलं, तर सवयीनं हात मागं न्यायला लागले, मग 'अरेच्चा' म्हणून थांबले. त्या दिवशी आम्हाला वाटलं, आता होतंय सगळं.

मग ते गावी गेले. मी फोन करायचे. "काय भावजी, आलं का काय?" "येतंय, येतंय. काल जरा मुंग्या आल्यागत झालं." महिना गेला, पावसाळा गेला. "येतंय वयनी. डाव्याला जरा उशीर लागंल, उजव्याला येतंय." आक्कानं फोन घेतला की ती काही बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "दिसभर चुलीम्होरं बसत्यात. माजी नजर चुकली की निखाऱ्यावर हात धरत्यात. म्हणत्यात, बगतोय आलं का. परवा परत फोड आला." मग तिनं फोन त्यांच्याकडं दिला आणि मी त्यांना सडकून शिव्या घातल्या. पलीकडून ते नुसतं 'व्हय, व्हय' म्हणत राहिले.

हंगामाच्या पहिल्या दिवशी ते आले. बोलावलं नव्हतं, पण मी वाट बघत होते. नवा गुळव्या ठेवला होता, गारगोटीकडचा, हुशार आणि अबोल माणूस. भावजी एस.टी.तून उतरले ते काठी घेऊन. पायांत थोडा ताठरपणा आला होता, पण चालत होते. कोरा शर्ट, बटणं आक्कानं लावलेली. सगळ्यांशी मोठमोठ्यानं बोलले. सोलणाऱ्या बायका पाया पडल्या तर म्हणाले, "घागर एकच हाय न्हवं आता?" बायकांनी माना खाली घातल्या.

पाक तयार झाला. नव्या गुळव्यानं गोळी वळली आणि माझ्याकडं वळला. मी म्हटलं, "पाण्यातच ऱ्हाऊ द्या जरा." का म्हटलं ते सांगते. मला ती भावजींच्या हातावर ठेवायची होती. रीत मोडत होती, मला माहीत होतं. घरची बाई गुळव्याला गोळी देते असं कधी कुणी ऐकलं नसेल. पण त्यांचा हात भाजेल याची मला इतकी धास्ती होती की मी गोळी पाण्यात ठेवली, ठेवली, हलवली, परत ठेवली. नवा गुळव्या माझ्याकडं बघत होता. बादलीतलं पाणी कार्तिकातलं, हाडापर्यंत जाणारं. मी बाहेर काढली तेव्हा ती गारगोट्यासारखी थंड झाली होती.

"भावजी, हात फुडं करा."

त्यांनी उजवा हात पसरला. बोटं पुरती उघडत नव्हती. मी ती उघडली, गोळी मधोमध ठेवली आणि बोटं पुन्हा मिटली. त्यांनी डोळे अर्धवट झाकले. दुसऱ्या हातानं सगळ्यांना 'थांबा' अशी खूण केली, पूर्वीसारखी. गुऱ्हाळावर आवाज बंद झाला, फक्त काहील बुडबुडत होती. आक्का माझ्या मागं उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

त्यांनी डोळे उघडले. चेहरा भरून आला होता.

"ऊन हाय," ते म्हणाले. "आक्शी सोसंल एवढीच ऊन ठेवलिया तुमी, वयनी."

माझ्या बोटांना अजून त्या गोळीचा गारठा होता. मी म्हणाले, "व्हय भावजी. तुमच्यासाठीच ठेवली."

त्यांनी ती डाव्या हाताच्या मदतीनं तोंडात घातली आणि पडवी दणाणेल अशा आवाजात ओरडले, "गोड हाय!" चांगभलं झालं. काहील उतरली. त्या गोंधळात आक्कानं माझा दंड धरला. ती रडत होती आणि हसत होती. "वयनी, आली का वो आच त्येंच्या हाताला? खरंच ऊन हुती गोळी?"

"ऊन हुती आक्का," मी म्हणाले.

संध्याकाळच्या एस.टी.नं ते गेले. पुढच्या हंगामाला आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. पाय जागेवर आहेत, आक्का फोनवर सांगते. हात तसेच आहेत. ती आता मला काही विचारत नाही, आणि मीही 'आलं का' असं विचारणं सोडलं.

नवा गुळव्या चांगला आहे. पहिल्या आदणाची गोळी तो पाण्यातून काढतो आणि लगेच माझ्या हातावर ठेवतो, त्याला पुढचं काम असतं. कधी ती फार ऊन असते, कधी अगदीच गार. सगळे मी 'गोड हाय' म्हणायची वाट बघत थांबलेले असतात. मी डोळे झाकून ती थोडा वेळ माझ्याच मुठीत धरते आणि मग खाते.